ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याचा खर्च

अपोलो ११ चंद्राकडे झेपावण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १५ जुलै १९६९ रोजी, फ्लोरिडातील प्रक्षेपण केंद्राजवळ रेव्हरंड राल्फ ॲबरनथी काही गरीब कुटुंबांना सोबत घेऊन आले होते. बरोबर खेचरांची गाडी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर त्यांच्या संघटनेची धुरा ॲबरनथींकडे आली होती, आणि त्यांचा सवाल सरळ होता. देशात असंख्य माणसांना पुरेसे अन्न, निवारा आणि औषधपाणी मिळत नसताना चंद्रावर माणूस पाठवायला एवढा पैसा कुठून येतो? नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला स्वतः मैदानात आले. उद्या प्रक्षेपणाचे बटण न दाबल्याने दारिद्र्याचा प्रश्न सुटणार असेल तर आम्ही ते बटण दाबणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, आणि आलेल्या कुटुंबांना प्रक्षेपण पाहण्याचे निमंत्रण दिले. ॲबरनथींनी अंतराळवीरांच्या सुखरूप परतीसाठी प्रार्थना केली.

या भेटीचा वृत्तान्त मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्यातला परस्परांविषयीचा आदर मला स्पर्शून जातो. ॲबरनथींनी विज्ञानाची हेटाळणी केली नाही आणि पेन यांनी भुकेचा प्रश्न किरकोळ ठरवला नाही. अवकाश संशोधनावर सरकारने अधिक खर्च करावा की नाही, या वादात आज इतका समंजसपणा क्वचितच दिसतो. सवाल मात्र तोच आहे आणि तो विचारणाऱ्याला विज्ञानविरोधी म्हणून उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही, कारण खर्च होणारा पैसा त्याचाही असतो.

या सवालाला एक हिशेबी उत्तर नेहमी दिले जाते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय खर्चापैकी सुमारे ४.४ टक्के रक्कम नासाला मिळत होती, आज हा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे प्रमाणाच्या भाषेत खर्च दहापटीने घटला, पण त्यामुळे गरिबी काही दहापटीने घटली नाही. अवकाशावर जो पैसा खर्च झाला नाही, तो आपोआप गरिबाच्या घरी गेला नाही. जगभरातील सर्व सरकारे मिळून २०२४ मध्ये अवकाशावर साधारण १३५ अब्ज डॉलर खर्च करत होती आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग संरक्षणाशी निगडित होता. त्याच वर्षी जगाचा एकूण लष्करी खर्च २,७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

हे आकडे खरे आहेत, तरीही ते मांडून थांबणे मला पुरेसे प्रामाणिक वाटत नाही. दुसरीकडे जास्त पैसा जातो म्हणून इथला खर्च योग्य, असे म्हणायचे ठरवले तर अंदाजपत्रकातील प्रत्येक लहान तरतूद त्याच आडोशाला उभी राहू शकते. जो खर्च मागायचा, तो त्याच्या स्वतःच्या गुणावर मागता आला पाहिजे.

दुसरे नेहमीचे उत्तर मला त्याहून कच्चे वाटते. अवकाश मोहिमांमुळे किती उपयोगी वस्तू घराघरांत आल्या, त्याची यादी वाचून दाखवली जाते आणि त्या यादीत टेफ्लॉन (भांड्यांवरचा न चिकटणारा लेप) आणि वेल्क्रो (दाबताच एकमेकांना चिकटणाऱ्या पट्ट्या) हटकून असतात. टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला, वेल्क्रो ही एका स्विस अभियंत्याची निर्मिती आहे, आणि दोन्ही गोष्टी नासाच्या जन्माआधीच्या आहेत. यादीतील उरलेल्या वस्तू खरोखरच अवकाश मोहिमांतून आल्या असल्या, तरी चांगली उपकरणे हवी असतील तर ती बनवायला थेट पैसा देणे हा अधिक स्वस्त आणि सरळ मार्ग आहे. गुरूकडे यान पाठवायचे ते गुरूविषयी जाणून घेण्यासाठी. तेवढे कारण पुरेसे वाटत नसेल, तर जोडफायद्यांच्या कुबड्या लावून ते फार काळ उभे राहणार नाही.

मग सरकारने खर्च का करावा? माझे उत्तर असे आहे की काही कामे सर्वांच्या उपयोगाची असतात, पण त्यांना गिऱ्हाईक नसते. ज्या कामाला गिऱ्हाईक आहे ते बाजार आज ना उद्या करतो आणि बहुधा सरकारपेक्षा स्वस्तात करतो. ज्याला नाही, ते सरकारने केले नाही तर होतच नाही. अवकाश संशोधनातील सर्वांत मोलाची कामे या दुसऱ्या प्रकारची आहेत आणि त्यांच्यासाठी आज मिळतो त्याहून बराच अधिक सार्वजनिक पैसा मिळायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हे मत बनण्यामागे लँडसॅट उपग्रहांच्या कहाणीचा मोठा वाटा आहे. ती सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण सार्वजनिक काम बाजाराच्या हवाली केले की काय होते याचा जणू प्रयोगच तिथे झाला. या मालिकेतील पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये सोडला गेला. पृथ्वीभोवती फिरत राहायचे, ठरावीक दिवसांनी त्याच त्या भूभागावर परत यायचे आणि दृश्य व अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशात त्याची नोंद घ्यायची, एवढेच त्याचे काम होते. एका छायाचित्रात सुमारे १८५ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद प्रदेश मावत असे. जंगल कुठे तुटते आहे, नदीने पात्र कसे बदलले, पिकांची वाढ कशी आहे, हे पहिल्यांदाच वरून आणि नियमाने दिसू लागले.

१९८० च्या दशकात अमेरिकी सरकारला वाटले की या छायाचित्रांना बाजार आहे, तर हा धंदा कंपनीनेच करावा. १९८४ मध्ये तसा कायदा झाला आणि विक्रीचे हक्क एका खासगी कंपनीकडे गेले. एका छायाचित्राची किंमत चढत चढत चार हजार डॉलरच्या वर पोहोचली. विद्यापीठांतील संशोधकांनी आणि गरीब देशांतील खात्यांनी खरेदी आवरती घेतली. पण त्याहून खोल नुकसान वेगळेच होते. कंपनीच्या दृष्टीने ज्या प्रदेशाला खरीदार नाही त्याची छायाचित्रे घेण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे जगाच्या मोठ्या भागांची नोंद त्या काळात विरळ झाली. १९८९ मध्ये तर चालू असलेले दोन्ही उपग्रह पैशाअभावी बंद करण्याची वेळ आली होती, ती शेवटच्या क्षणी तात्पुरती तरतूद करून टळली. अखेर १९९२ मध्ये कायदा बदलून हे काम पुन्हा सरकारकडे आणण्यात आले.

१९९९ मध्ये लँडसॅट ७ गेला तेव्हा छायाचित्राची किंमत ६०० डॉलर ठरली. कार्यक्रमाचा खर्च काही प्रमाणात विक्रीतून निघावा, हा त्यामागचा विचार होता. विक्री चांगली झाली त्या वर्षीही दिवसाला पन्नासच्या आसपास छायाचित्रे खपत होती. २००८ च्या अखेरीस संपूर्ण संग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला करण्यात आला आणि मागणी दिवसाला हजारोंच्या घरात गेली. २०१३ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली संशोधकांनी जगातील जंगलांच्या बारा वर्षांतील बदलांचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांनी साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट छायाचित्रे वापरली होती. जुन्या ६०० डॉलरच्या दराने याच छायाचित्रांचे ३९ कोटी डॉलर झाले असते. म्हणजे तो नकाशा कधीच झाला नसता. उपग्रह तेच, कॅमेरा तोच, आकाश तेच. एक किंमत काढून टाकली आणि पृथ्वीवरची जंगले एका नजरेत पाहता आली.

या कहाणीतली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. किंमत चुकली तर ती नंतर कमी करता येते, पण १९८७ साली एखाद्या खोऱ्याचे छायाचित्र घेतले गेले नसेल तर ते आता कोणत्याही किमतीला घेता येणार नाही. त्या वर्षीचे ते जंगल, ते हिमक्षेत्र, ते पाणी नोंदीतून कायमचे गेले. आज ज्या संशोधकाला त्या नोंदीची गरज आहे, तो १९८७ मध्ये कदाचित जन्मलाही नव्हता, आणि असे न जन्मलेले गिऱ्हाईक कोणत्याही कंपनीच्या हिशेबात बसत नाही. सरकारच्या हिशेबात ते बसले पाहिजे.

ओझोन थराचे उदाहरण सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ब्रिटिश तळाच्या जमिनीवरील नोंदींतून ओझोनची घट उघड झाली, आणि ही घट एखाद्या तळापुरती नसून खंडभर पसरलेली आहे हे निंबस ७ या उपग्रहाच्या नोंदींनी दाखवले. दोनच वर्षांत ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. जमिनीवरील चिवट निरीक्षण आणि कक्षेतील दृष्टी अशा दोन्ही गोष्टी सार्वजनिक पैशावर चालत होत्या आणि दोहोंचीही गरज होती.

लघुग्रहांच्या बाबतीत तर गिऱ्हाईक नसण्याचा प्रश्न अगदी उघडा पडतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर आकाराची अशनी वातावरणात फुटली. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि थोड्या वेळाने हवेचा दाबतरंग आला. जवळपास दीड हजार माणसे जखमी झाली, त्यातली बरीचशी फुटलेल्या काचांमुळे. ही अशनी सूर्याच्या दिशेने आल्यामुळे जमिनीवरील कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसली नव्हती. यापेक्षा कितीतरी मोठ्या, म्हणजे १४० मीटर किंवा त्याहून अधिक आकाराच्या आणि पृथ्वीजवळ येणाऱ्या वस्तूंपैकी नव्वद टक्के वस्तू पंधरा वर्षांत शोधून काढाव्यात, असे अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्येच कायद्याने ठरवले होते. ती मुदत २०२० मध्ये संपली तेव्हा अंदाजाच्या निम्म्या वस्तूही सापडलेल्या नव्हत्या, कारण कायदा झाला तरी त्याला साजेसा पैसा आला नाही. या कामासाठीच आखलेली निओ सर्व्हेयर ही अवरक्त दुर्बीण वर्षानुवर्षे मागे ढकलली गेली.

आणि हे काम अशक्य कोटीतले नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी डार्ट नावाचे यान डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा आपल्या मोठ्या सोबत्याभोवती फिरण्याचा काळ ३२ मिनिटांनी घटला. माणसाने एखाद्या आकाशस्थ गोलाची चाल जाणूनबुजून मोजता येईल इतकी बदलली, ती ही पहिली वेळ. धोका आधी कळला तर काहीतरी करता येते, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. आधी कळण्यासाठी मात्र आकाश चाळत बसावे लागते, आणि त्या चाळण्याचा फायदा पृथ्वीवरील प्रत्येकाला सारखाच होत असल्यामुळे त्याचे पैसे द्यायला कोणीही एकटा पुढे येत नाही. सरकारे असतात ती नेमकी अशाच कामांसाठी.

इथवर ज्या कामांविषयी लिहिले, त्यांचा उपयोग दाखवता येतो. आता ज्याचा कोणताही उपयोग मी दाखवू शकत नाही आणि तरीही ज्याच्यासाठी मला सर्वांत आग्रहाने बोलावेसे वाटते, त्या युरेनसकडे वळतो.

युरेनसजवळ आजवर एकच यान गेले आहे. २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर २ त्याच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेले आणि काही तासांतच पुढे निघून गेले. त्या धावत्या भेटीत नवे चंद्र सापडले, नवी कडी सापडली, आणि या ग्रहाचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी जवळपास साठ अंशांचा कोन करून कललेला आहे, हे कळले. चारच दिवसांनी चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाचा अपघात झाला आणि सात अंतराळवीर गेले. त्या दुःखात युरेनसची बातमी मागे पडली, ते साहजिकच होते. पण त्यानंतर इतक्या वर्षांत तिथे कोणीही परत गेलेले नाही. पाठ्यपुस्तकांतून युरेनसविषयी जे शिकवले जाते, त्यातले बरेचसे त्या एका दिवसाचे आहे.

२०२४ मध्ये संशोधकांनी व्हॉयेजरच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा असे दिसले की यान पोहोचण्याच्या थोडेच आधी सौरवाताचा, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांचा, एक जोरदार झोत युरेनसवर आदळला होता आणि त्याचे चुंबकावरण, म्हणजे ग्रहाभोवतीचे त्याच्या चुंबकीय प्रभावाचे क्षेत्र, दाबले गेले होते. अशी स्थिती तिथे साधारण चार टक्केच वेळ असते. याचा अर्थ असा की अडतीस वर्षे आपण ज्याला त्या ग्रहाचे नेहमीचे रूप समजत होतो, ते त्याचे क्वचित दिसणारे रूप होते. तापाने फणफणलेल्या माणसाला एकदाच पाहून त्याची प्रकृती कायमची नोंदवून ठेवावी, तसे हे झाले. दूरच्या ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांमध्ये पृथ्वीपेक्षा मोठे आणि नेपच्यूनपेक्षा लहान ग्रह फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना समजून घ्यायचे तर आपल्याच सूर्यमालेतील युरेनस आणि नेपच्यून नीट ठाऊक असायला हवेत, आणि ते दोन्ही आपण जाता जाता पाहिलेले आहेत.

व्हॉयेजरचा विषय निघालाच आहे तर थोडे रेंगाळतो, कारण सार्वजनिक पैसा कसा काम करतो हे तिथे जवळून पाहता येते. बाहेरचे चार मोठे ग्रह एकाच मोहिमेत गाठता येतील अशी त्यांची मांडणी सुमारे १७६ वर्षांतून एकदा येते आणि ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस येणार होती. तिचा लाभ घेणारी मोठी योजना फार महाग म्हणून रद्द झाली आणि फक्त गुरू व शनी यांच्यापुरत्या छोट्या मोहिमेला मंजुरी मिळाली. अभियंत्यांनी मंजूर झालेले काम चोख केले आणि पुढे जाण्याची शक्यताही यानात शाबूत ठेवली. या मोहिमेतील दोन्ही व्हॉयेजर याने १९७७ मध्ये निघाली, व्हॉयेजर २ चारही ग्रह पाहून पुढे गेले आणि व्हॉयेजर १ ने ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ कडून येणारा संदेश अचानक निरर्थक झाला. संकेत येत होता, पण त्यात माहिती नव्हती. पृथ्वीवरून पाठवलेली आज्ञा तिथे पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच, म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरासाठी जवळपास दोन दिवस थांबायचे. यान बांधणाऱ्यांपैकी बरेच जण हयात नव्हते आणि अनेक दशकांपूर्वीचे कागद चाळून संगणकाची रचना समजून घ्यावी लागत होती. मार्चमध्ये स्मृतीतील सगळा मजकूर परत मिळवण्यात यश आले आणि एक चिप निकामी झाल्याने सुमारे तीन टक्के स्मृती बिघडल्याचे कळले. चिप बदलणे शक्य नव्हते. तिच्यातला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचा, तर तो अखंड मावेल एवढी जागा कुठेच रिकामी नव्हती. म्हणून त्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या ठिकाणी बसवण्यात आले आणि तरीही तो एकसंध चालावा म्हणून जागोजागचे पत्ते दुरुस्त करण्यात आले. २० एप्रिल २०२४ रोजी यानाच्या प्रकृतीची सुसंगत माहिती पुन्हा हाती आली.

त्या महिन्यांत मी या दुरुस्तीच्या बातम्यांची ज्या ओढीने वाट पाहिली, तशी फार थोड्या सार्वजनिक घटनांची पाहिली असेल. त्या कामातून कोणाला नफा होणार नव्हता, कोणाची सत्ता वाढणार नव्हती. चोवीस अब्ज किलोमीटरवरच्या, जवळपास अर्धशतक जुन्या यंत्राला पुन्हा बोलते करायचे, कारण त्याच्याइतक्या दूर दुसरे कोणी नाही आणि ते जे मोजते ते दुसरे कोणी मोजत नाही, एवढेच कारण होते. असे कारण पुरेसे मानून त्याला दर वर्षी पैसा देणारे समाज मला सुसंस्कृत वाटतात.

आता खर्चातल्या सातत्याचा मुद्दा, जो माझ्या दृष्टीने रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. सूर्यापासून फार दूर गेलेल्या यानाला सौरऊर्जा पुरत नाही, त्याला प्लुटोनियम २३८ च्या उष्णतेवर वीज बनवावी लागते. अमेरिकेने या द्रव्याचे उत्पादन १९८८ मध्ये थांबवले. काही काळ रशियाकडून खरेदी करून भागवले गेले, साठा आटत गेला आणि २०१५ च्या अखेरीस ओक रिज येथील प्रयोगशाळेने पुन्हा पहिले पन्नास ग्रॅम तयार केले. सत्तावीस वर्षांच्या त्या खंडाची किंमत आजही चुकवावी लागते, कारण बाहेरच्या ग्रहांकडे कोणते यान कधी पाठवायचे हे ठरवताना इंधन किती उपलब्ध आहे, हा प्रश्न आधी येतो.

खंड पडला की कौशल्यही जाते. सोव्हिएत संघाने १९७६ मध्ये लूना २४ चंद्रावर उतरवून तिथली माती परत आणली होती. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, रशियाचे लूना २५ चंद्रावर कोसळले. चारच दिवसांनी, २३ ऑगस्टला, भारताचे चांद्रयान ३ दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद उतरले. त्यामागे २०१९ मध्ये चांद्रयान २ चा विक्रम लँडर कोसळल्याचा ताजा अनुभव होता, आणि त्या अपयशानंतर तीच माणसे, त्याच नोंदी घेऊन, लगेच पुन्हा कामाला लागली होती. अपयशानंतर दुसऱ्या प्रयत्नाला पैसा देणे ही कोणत्याही सरकारसाठी अवघड गोष्ट आहे, कारण टीका तयारच असते. पण पहिल्या प्रयत्नावर झालेला खर्च वाया जातो की उपयोगी पडतो, ते त्या दुसऱ्या मंजुरीवरच ठरते.

अधिक पैसा म्हणजे कशाहीसाठी पैसा नव्हे, हेही मला तितक्याच स्पष्टपणे म्हणायचे आहे. माणसाला पुन्हा चंद्राकडे नेण्यासाठी बनवलेल्या नासाच्या एसएलएस अग्निबाणाचे आणि ओरायन यानाचे सुरुवातीचे प्रत्येक उड्डाण सुमारे ४.१ अब्ज डॉलरला पडेल, असे नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सांगितले. एका उड्डाणाच्या या पैशात ग्रहांकडे जाणाऱ्या अनेक लहान मोहिमा होऊ शकतात. माणसाने चंद्रावर पुन्हा जाऊच नये असे माझे म्हणणे नाही, पण प्रतिष्ठेसाठी आलेला पैसा किती लवकर आटतो याचा दाखला अपोलोनेच दिला आहे. शर्यत जिंकली गेली आणि १९७० मध्ये शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ च्या अपोलो १७ मधून हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक चंद्रावर उतरले, आणि ती शेवटची मोहीम ठरली. एवढा खटाटोप करून जिथे पोहोचायचे, तिथले खडक वाचू शकणारा माणूस अगदी अखेरच्या फेरीत पाठवायचा आणि लगेच दार बंद करायचे, याचे मला आजही वाईट वाटते.

खासगी कंपन्यांचे यशही नाकारण्याचे कारण नाही. अग्निबाण स्वस्त झाले आहेत ते त्यांच्यामुळे. पण अवकाश स्थानकावर सामान नेण्यासाठी नासाने २००६ पासून या कंपन्यांना आर्थिक पाठबळ दिले आणि २००८ च्या अखेरीस स्पेसएक्सला १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले, तेव्हा कुठे हा व्यवसाय उभा राहिला. आता वाहतूक त्यांनी करावी, आणि त्यातून सरकारचा जो पैसा वाचेल तो ज्या कामाला गिऱ्हाईक नाही त्या कामात घालावा. प्रत्यक्षात मात्र उलटेही घडू शकते. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नासाच्या विज्ञानावरील तरतुदीत जवळपास निम्म्या कपातीचा प्रस्ताव मांडला, आणि त्यात प्लुटोच्या पलीकडे गेलेले न्यू होरायझन्स आणि गुरूभोवती फिरणारे ज्यूनो यांसारखी चालू स्थितीतील यानेही बंद करण्याचे सुचवले होते. जिथे पोहोचण्याचा सगळा खर्च होऊन गेला आहे, तिथे ऐकणेच बंद करायचे, यात काटकसर कोणती हे मला कळलेले नाही.

ॲबरनथींच्या सवालाला म्हणून माझे उत्तर असे असेल. भुकेचा प्रश्न आधी, यात वाद नाही आणि त्यासाठी लागणारा पैसा अवकाश संशोधनाच्या तरतुदीपेक्षा कितीतरी मोठ्या खात्यांतून येऊ शकतो, तो तिथूनच मागितला पाहिजे. पृथ्वीवर नजर ठेवणारे उपग्रह, लघुग्रहांचा शोध आणि ग्रहांकडे जाणारी मानवरहित याने या तीन कामांसाठी मात्र सरकारांनी आजच्यापेक्षा अधिक रक्कम द्यावी, ती दर वर्षीच्या राजकीय वाऱ्यावर न सोडता दहा-पंधरा वर्षांसाठी बांधून द्यावी, आणि त्यातून मिळणारी प्रत्येक नोंद लँडसॅटप्रमाणे सर्वांना विनामूल्य खुली ठेवावी. पैसा ज्यांचा, नोंद त्यांची.

युरेनसबाबत तर या निर्णयाला मुदतही आहे आणि ती आकाशाने ठरवलेली आहे. हा ग्रह जवळजवळ आडवा होऊन फिरतो आणि त्याचे एक वर्ष चौऱ्याऐंशी पृथ्वी-वर्षांचे असते. १९८६ मध्ये त्याचा आणि त्याच्या चंद्रांचा दक्षिण गोलार्ध उजेडात होता, त्यामुळे मिरांडा, एरियल, टायटेनिया या चंद्रांचे उत्तरेकडचे अर्धे भाग अद्याप कोणीही नीट पाहिलेले नाहीत. सध्या तिथे उत्तरेकडे ऊन आहे. २०५० च्या सुमारास तिथला विषुवदिन येईल, मग उत्तर गोलार्ध हळूहळू अंधारात जाईल आणि त्यापुढे चार दशके तिथे पुरेसा उजेड नसेल. अमेरिकी ग्रहशास्त्रज्ञांनी २०२२ च्या आपल्या दशवार्षिक अहवालात युरेनसभोवती फिरणाऱ्या यानाला मोठ्या मोहिमांमध्ये पहिला क्रम दिला आहे. प्रवासाला बारा-तेरा वर्षे लागतात आणि यान बांधायला साधारण दहा. ते २०५० च्या आत पोहोचायचे असेल तर त्याच्या बांधणीचा पैसा येत्या दोन-तीन अंदाजपत्रकांतच मंजूर व्हायला हवा.